मांस सोडून पाच आठवडे झाले. कागदावर प्रोटीन पुरतंय, अंगात मात्र नाही!

कोरीपाटी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांपूर्वी मांस-मासे सोडून बघायचं ठरवलं. कोणाशी पैज नाही, कसला नवस नाही. तीन महिने करून बघू, जमलं तर पुढे, एवढंच. दूध-दही चालू आहे. अंड्यांचं अजून ठरत नाहीये. पहिले दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी अकरा वाजले की पोटात खड्डा पडायला लागला आणि आता दोन जिने चढले की मांड्या भरून येतात. घरात 'सांगितलं होतं ना' असं तोंडाने कोणी म्हणत नाही, नुसतं बघतात. ते जास्त लागतं.

पण माझा हिशोब चोख आहे हो! वजन ६२ किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर दिवसाला ५१-५२ ग्रॅम प्रोटीन हवं. माझं रोजचं असं:

दुपारी मसूर १०० ग्रॅम, म्हणजे २४
रात्री काबुली हरभरे १०० ग्रॅम, म्हणजे २०
मूठभर बदाम, ६
ग्लासभर दूध, ८

झाले ५८. भात आणि ब्रेड तर यात धरलेलेच नाहीत. वजन वाढू नये म्हणून ते निम्म्यावर आणलेत, पण शून्य नाहीत. मग घोडं अडलंय कुठे? शाकाहारी प्रोटीन अंगी लागत नाही म्हणतात ते खरं की काय?

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री १०:३१

पाच आठवड्यांत निकाल? पी हळद आणि हो गोरी!

बाकी जाणकार येतीलच. मी पहिल्या बाकावर जागा धरून बसतोय.

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:५८

मला हे प्रोटीन-प्रोटीन प्रकरणच कळत नाही. हत्ती काय खातो? गोरिला काय खातो? पानं आणि गवत. त्यांना कोणी विचारतं का, बाबा रे तुझं प्रोटीन कुठून येतं? पालेभाज्या खा, ब्रोकोली खा. उष्मांकाच्या हिशोबात ब्रोकोलीत मांसापेक्षा जास्त प्रोटीन असतं, हे मी स्वतः वाचलंय.

तराजू | सोमवार, रात्री ११:२०

गवतीचहा, हत्ती दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो आणि दीडशे किलोच्या आसपास चारा पोटात ढकलतो. त्याच्या आतड्यात जिवाणूंचा कारखाना आहे, तो आपल्याकडे नाही. कोरीपाटींची नोकरी सांभाळून एवढं चरायची तयारी असेल तर माझी हरकत नाही.

ब्रोकोलीचं गणितही तसंच. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन २.८ ग्रॅम आणि उष्मांक ३४. गुणोत्तर झकास दिसतं, बिनचरबीच्या मांसापेक्षा मात्र कमीच. पण एका जेवणात २० ग्रॅम प्रोटीन हवं तर सातशे ग्रॅम ब्रोकोली खावी लागेल. एकदा खाऊन बघा आणि दुसऱ्या दिवशी इथे लिहा.

आता मूळ प्रश्न. कोरीपाटी, एकच विचारतो. ते १०० ग्रॅम मसूर तुम्ही कधी मोजता, कच्चे की शिजल्यावर?

कोरीपाटी | सोमवार, रात्री ११:२६

शिजल्यावर. ताटात वाढून घेते तेव्हा वाटी काट्यावर ठेवते. का?

तराजू | सोमवार, रात्री ११:४९

सापडलं मग.

२४ ग्रॅम हा आकडा कोरड्या मसुराचा आहे. शिजताना मसूर पाणी पितो आणि वजन अडीचपट होतं. प्रोटीन तेवढंच राहतं, पाण्यात पसरतं. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९ ग्रॅम असतं. शिजलेल्या हरभऱ्यातही ९ च्या आसपास, राजम्यातही तेच. तुमचे २४ आणि २० मिळून ४४ होत नाहीत, १८ होतात. बदाम आणि दूध धरून ३२. निम्म्यावर आणलेल्या भात-ब्रेडचे आठ-दहा ग्रॅम घातले तर चाळीसच्या अलीकडे-पलीकडे.

तक्त्यांचा हा घोळ जुनाच आहे. बहुतेक तक्ते कच्च्या धान्याचे असतात आणि खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. भाताचंही हेच: कच्च्या तांदळात ७ ग्रॅम, शिजलेल्या भातात २.७. मांसात उलटं होतं, ते शिजताना पाणी सोडतं. म्हणून मांसाहार करत असताना अंदाज चुकला तरी तो तुमच्या बाजूने चुकायचा. आता तोच तुमच्यावर उलटतोय.

सायसाखर | मंगळवार, सकाळी ७:०५

अगं बाई! म्हणजे मी दोन वर्षं हाच घोळ घालतेय. माझ्या वहीत सोयाबीन शिजवून १०० ग्रॅमला ३६ लिहिलंय.

तराजू | मंगळवार, सकाळी ७:४०

३६ कोरड्याचं. शिजल्यावर १७-१८. तरी बाकी कडधान्यांच्या दुप्पट, म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका.

लोखंडी | मंगळवार, सकाळी ८:१५

धागाकर्तीला सरळ उत्तर देतो. सोया चंक्स. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम प्रोटीन. ४० ग्रॅम भिजवा, पिळा, फोडणीला टाका, २० ग्रॅमची बेगमी झाली. आणि पावडर घ्या एक डबा. बाकी चर्चा करत बसा.

मी स्वतः सहा वर्षं शाकाहारी, ८० किलो वजन, आठवड्याला चार दिवस वजनं उचलतो. मला किलोमागे १.६ पडतात, म्हणजे १२८ ग्रॅम. ०.८३ हा आकडा जिवंत राहण्याचा आहे, दंड कमावण्याचा नाही.

बारकावे | मंगळवार, सकाळी ९:३०

लोखंडी, 'जिवंत राहण्याचा' म्हणणं जरा ताणलेलं आहे. ०.८३ हा आकडा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००७ सालच्या अहवालातला आहे. निरोगी प्रौढांची सरासरी गरज ०.६६ निघाली. माणसागणिक गरज कमी-जास्त असते, म्हणून जवळजवळ सगळ्यांना पुरावं इतकं वर चढवून ०.८३ केलं. म्हणजे त्यात आधीच थोडी शिल्लक धरलेली आहे. पण हे प्रोटीन चांगलं पचणारं आणि सगळी अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) नीट असलेलं गृहीत धरलंय. डाळी-कडधान्यं-अख्खी धान्यं यांचं पचन थोडं कमी होतं, शंभरातलं ऐंशी ते नव्वद. म्हणून पूर्ण वनस्पतींवर असाल तर किलोमागे १ ग्रॅम धरलं की काळजी मिटते.

व्यायाम करणाऱ्यांसाठी १.६ बरोबर. २०१८ साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात साधारण तिथपर्यंतच फायदा दिसला, त्यापुढे स्नायूंच्या वाढीत फारसा फरक नाही.

'शाकाहारी प्रोटीन अंगी लागत नाही' याबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. ब्राझीलमध्ये झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. १९ तरुण पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर, १९ मिश्राहारी. दोघांनाही किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन मिळेल अशी पुरवणी, एकांना सोयाची आणि दुसऱ्यांना व्हेची (म्हणजे दुधातल्या प्रोटीनची). बारा आठवडे पायांचा व्यायाम. शेवटी स्नायू आणि ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली. प्रयोग लहान होता आणि सगळे तरुण पुरुष होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

कोरीपाटी | मंगळवार, दुपारी १:५०

आज मुद्दाम घरी करून बघितलं. ५० ग्रॅम कोरडे मसूर काट्यावर घेतले. केवढेसे! वाटीचा तळ कसाबसा झाकला गेला. दोनदा धुतले, शिजवले, गाळणीत पाणी निथळलं आणि परत काट्यावर ठेवले: १२८ ग्रॅम. काट्यावरचा आकडा बघत दोन मिनिटं नुसती उभी होते. पाच आठवडे मी वाटीतलं पाणी मोजत होते.

आता दुसरी शंका. मैत्रीण म्हणते नुसतं प्रमाण बघून उपयोग नाही, डाळ आणि धान्य एकाच जेवणात एकत्र खाल्लं तरच प्रोटीन 'पूर्ण' होतं. मी दुपारी मसूर खाते आणि ब्रेड सकाळी. मग दोन्ही वाया?

बारकावे | मंगळवार, दुपारी ३:१०

मैत्रीण अर्धी बरोबर आहे.

प्रोटीन बनतं ते वीस अमिनो आम्लांचं. त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, बाहेरून घ्यावी लागतात. वनस्पतींत ती 'नसतात' असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. नऊच्या नऊ असतात, प्रमाण वेडंवाकडं असतं इतकंच. धान्यांत लायसिन कमी. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण गंधक असलेली मेथिओनिन-सिस्टीन ही जोडी तोकडी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं.

आकड्यांत बघा. ६२ किलोच्या माणसाला रोज साधारण १८६० मिलिग्रॅम लायसिन लागतं, किलोमागे ३० धरून. गव्हाच्या एक ग्रॅम प्रोटीनमध्ये ते जेमतेम २७ मिलिग्रॅम असतं, मसुराच्या एक ग्रॅममध्ये ७० च्या आसपास. सगळे ५२ ग्रॅम गव्हातूनच घेतले तर १४०० मिळतील. कमी पडले. निम्मं गहू, निम्मं मसूर केलं तर २५०० मिळतात आणि वर शिल्लकही राहते. म्हणून नुसत्या ब्रेड-भातावर शाकाहार रेटणारा गोत्यात येतो, मग त्याची बेरीज ५२ झाली तरी.

पण 'एकाच जेवणात' ही अट गळून पडून जमाना झाला. १९७१ साली एका गाजलेल्या अमेरिकन पुस्तकातून ती घरोघरी पोचली आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत लेखिकेनेच ती मागे घेतली. शरीर स्वतःचं प्रोटीन दिवसभर मोडत आणि बांधत असतं, दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम. त्या उलाढालीत सकाळचा ब्रेड आणि दुपारचा मसूर एकमेकांना भेटतातच. दिवसाभरात दोन्ही पोटात गेलं म्हणजे झालं.

बोरूबहाद्दर | मंगळवार, दुपारी ३:२२

दहा वर्षांनी मागे घेतलं आणि पन्नास वर्षांनी मैत्रिणीपर्यंत पोचलं नाही. आमच्या हापिसातल्या परिपत्रकांची आठवण झाली.

सावलीतली | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहिते. कोरीपाटी, तुमच्या यादीत मला प्रोटीनपेक्षा जास्त खटकलं ते 'भात-ब्रेड निम्म्यावर'.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींचे उष्मांक जोडले: मसूर ११५, हरभरे १६५, बदाम १६५, दूध १५५. अर्धवट भात-ब्रेडचे तीनशे धरू. भाज्या, फळं, तेल यांचे सढळ हाताने तीनशे-साडेतीनशे. कशीबशी बेरीज साडेबाराशेपर्यंत जाते. ६२ किलोच्या, नोकरी करणाऱ्या, जिने चढणाऱ्या बाईला हे फार कमी आहे. मांस सुटलं तेव्हा ताटातून नुसतं प्रोटीन गेलं नाही, अन्नही गेलं. त्या जागी भाजी आली. भाजी चांगलीच, पण ती पोट भरते, इंधन देत नाही.

आणि इंधन कमी पडलं की शरीर प्रोटीनच चुलीत घालतं. बांधकामाला आणलेलं लाकूड जाळायला वापरावं तसं. मग तुम्ही मोजून ५२ घेतलेत तरी त्यातलं बरंच जळून जाणार. अकराचा खड्डा आणि मांड्या भरून येणं याला माझ्या मते हेच पहिलं कारण. आधी भात-ब्रेड पूर्ववत करा, मग मसुराकडे वळू.

थकव्याला लोहही कारणीभूत असू शकतं. वनस्पतींतलं लोह तसंही कमी शोषलं जातं, त्यात जेवणावर चहा-कॉफी घेतली की आणखी कमी. लिंबू, संत्रं, टोमॅटो, ढोबळी मिरची यांतल्या क जीवनसत्त्वाने ते वाढतं. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. तुमची पाळी सुरू असेल आणि रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या, अंदाजाने गोळ्या नकोत.

बी १२ बद्दल कोणी म्हणायच्या आत: पाच आठवड्यांच्या थकव्याला ते कारण नसावं, कारण यकृतातला साठा पुष्कळ काळ पुरतो. पण म्हणूनच ते गाफील ठेवतं. दूध-दही घेताय तोवर थोडंफार मिळत राहील. पुढेमागे दूधही सोडलंत तर बी १२ ची पुरवणी घ्यावीच लागेल, त्याला पर्याय नाही.

पन्नाशीपार | मंगळवार, रात्री ९:१८

सावलीतली यांचा प्रतिसाद आवडला. आमच्या वयाबद्दलही कोणीतरी लिहा. इथे सगळे दंड आणि मांड्या मोजतायत. मी ६७ ची आहे, आयडी जुना झाला. वीस वर्षं शाकाहारी. सकाळी चहा आणि टोस्ट, रात्री वाटीभर सूप. भूकच नसते. गेल्या वर्षी बाटलीचं झाकण उघडेना तेव्हा डोळे उघडले.

सावलीतली | मंगळवार, रात्री १०:०२

ताई, वय वाढलं की स्नायू जरा बहिरे होतात म्हणा ना. तेवढ्याच प्रोटीनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. म्हणून २०१३ साली तज्ज्ञांच्या एका गटाने ६५ च्या पुढच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं. म्हणजे वयाबरोबर भूक घटते आणि गरज वाढते, पंचाईत इथेच आहे.

चहा-टोस्टमध्ये मोजून चार-पाच ग्रॅम असतील. तिथून सुरुवात करा. दही फडक्यात बांधून पाणी निथळून घ्या. घट्ट चक्का झाला की त्यात दह्याच्या दुपटीहून जास्त प्रोटीन असतं, १०० ग्रॅमला साधारण १०. वाटीभर खाल्ला तर १५. सूप सोडू नका, त्यात शिजलेले मसूर किंवा मऊ टोफू (सोया दुधाचं पनीर) घोटून घाला. कळतही नाही. आणि काहीतरी उचला, पाण्याच्या बाटल्या का असेनात. नुसत्या खाण्याने झाकण उघडायचं नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिथे प्रोटीन मुद्दाम मर्यादित ठेवायची वेळ येते.

पन्नाशीपार | मंगळवार, रात्री १०:१५

मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. चक्का टांगलाय.

तिरपीओळ | बुधवार, सकाळी १०:४०

अंडी खाल्ली तर त्याला शाकाहार म्हणायचा का, हा मूलभूत प्रश्न सगळे सोयीस्करपणे टाळतायत. धागाकर्तीने भूमिका स्पष्ट करावी.

गवतीचहा | बुधवार, सकाळी १०:५२

दूध तरी शाकाहारी कसं हो? गायीला विचारलं का कोणी?

तिरपीओळ | बुधवार, सकाळी ११:०३

विषय भरकटवू नका. अंडं हे...

संपादक मंडळ | बुधवार, सकाळी ११:३०

अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर स्वतंत्र धागे आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे जावं. यापुढचे सतरा प्रतिसाद उडवले आहेत.

तराजू | बुधवार, दुपारी १२:१०

संपादकांचे आभार. (अवांतर: एका अंड्यात ६ ग्रॅम. पळतो.)

हिशोबातले आणखी काही खड्डे दाखवतो. धागाकर्तीची यादी बघून सुचले.

बदाम-शेंगदाणे-पीनट बटर. यांना प्रोटीनचा स्रोत म्हणायची पद्धत पडली आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे हे खरं, पण पन्नास ग्रॅमच्या आसपास तेल आहे ते कोणी सांगत नाही. दोन मोठे चमचे पीनट बटर म्हणजे ७ ग्रॅम प्रोटीन आणि १९० उष्मांक. उष्मांक कमी पडणाऱ्या कोरीपाटींसाठी उत्तम. वजन उतरवायला निघालेल्याने यावर भिस्त ठेवली तर दुधाची तहान तेलावर भागवायची पाळी.

वनस्पतिजन्य दुधं. सोया दुधाच्या ग्लासात ७-८ ग्रॅम, गायीच्या दुधाच्या जवळपास. बदाम दुधाच्या ग्लासात सहसा १. नावात बदाम आणि पेल्यात पाणी. दूध बदलताना डब्यामागचा तक्ता वाचा, पुढचं चित्र नको.

किनोआ, ते राजगिऱ्यासारखं बारीक धान्य. 'संपूर्ण प्रोटीन' म्हणून मिरवतो, दर्जाने आहेही. पण शिजवल्यावर १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅमच. साध्या मसुराच्या निम्मं.

टोफूचं वजन तरी नेमकं काय सांगतं? मऊ असेल तर ५-६, चांगला दाबलेला असेल तर १५ च्या वर. एकाच नावाचे दोन पदार्थ आहेत म्हणा ना.

बारकावे | बुधवार, दुपारी १:००

यात कोलॅजेन पावडरही घाला. शाकाहारी नाहीच, प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढतात, आणि नऊपैकी ट्रिप्टोफॅन त्यात नसतंच. तरी डब्यावर 'प्रोटीन' मोठ्या अक्षरात.

डब्यावरचा आकडा येतो कसा, तेही गमतीचं आहे. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही रीत बसवली. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. नायट्रोजन कुठून आला हे त्या रीतीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून. नायट्रोजन भरपूर, प्रोटीन शून्य, आणि हजारो तान्ही मुलं आजारी. पावडरीत स्वस्त अमिनो आम्लं ढकलून आकडा फुगवायची युक्तीही याच जातीची. म्हणून डब्यामागे ग्लायसिन, टॉरिन अशी नावं घटकांत वेगळी लिहिलेली दिसली तर मी डबा परत ठेवतो.

लोखंडी | बुधवार, दुपारी २:२५

हे माहीत नव्हतं. घरी जाऊन डबा उलटा करून बघतो.

सायसाखर | बुधवार, संध्याकाळी ५:३५

मला एक नाजूक प्रश्न आहे. प्रोटीन वाढवायचं म्हणजे कडधान्यं वाढवायची, आणि कडधान्यं वाढवली की... घरच्यांनी वेगळ्या खोलीत झोपायची धमकी दिलीय.

बोरूबहाद्दर | बुधवार, संध्याकाळी ५:३८

शेवटी कोणीतरी धाग्याचा खरा विषय काढला.

सावलीतली | बुधवार, संध्याकाळी ७:२०

लाजू नका, कित्येक लोक शाकाहार यापायी सोडतात, नाव मात्र अशक्तपणाचं घेतात.

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच पुढे जातात, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची मेजवानी होते आणि वायू सुटतो. भिजवलेलं पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात शिजवा, बोटाने दाबल्यावर लोणी व्हावं इतकं मऊ करा. सालाशिवायच्या डाळी, टोफू यांचा त्रास कमी. आणि एकदम दोन वाट्यांवर उडी मारू नका. रोज अर्धी वाटी, आठवडाभराने पाऊण. तीन-चार आठवड्यांत आतडं बरंचसं जुळवून घेतं.

मधलीवाट | बुधवार, रात्री ८:५०

भिजवण्यावरून आठवलं म्हणून लिहितो, राजम्यापासून सावध. अनुभवाचे बोल.

मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं घेतलं होतं. हौसेने लाल राजमा भिजवला, सकाळी भांड्यात टाकला आणि कामावर गेलो. संध्याकाळी मऊ लागला, चव छान, दोन वाट्या खाल्ल्या. दोन तासांत जे सुरू झालं ते रात्रभर. आधी उलट्या, मग दुसरं. बायकोने चार चमचेच खाल्ले होते, तिलाही सुटलं नाही. मी महिनाभर राजमा शिळा होता म्हणून पिशवीला शिव्या देत होतो.

नंतर कळलं, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, चार-पाच दाणेही पुरतात. ते खळखळ उकळीनेच मरतं. ती भांडी तितकी तापत नाहीत. उलट ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो! किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास, खळखळ उकळवा. मग पुढे काय करायचं ते करा. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलात तर प्रश्न नाही, डब्यातला राजमाही आधीच शिजलेला असतो.

सायसाखर | बुधवार, रात्री ९:०१

बाप रे. माझ्याकडे तेच भांडं आहे.

कोरीपाटी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१०

धागा वर काढतेय, क्षमस्व. खबर द्यायची राहिली होती.

सावलीतली यांचं ऐकून पहिल्यांदा भात आणि ब्रेड पूर्ववत केले, बाकी काही न बदलता. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून गेल्याचं मला बारा वाजता लक्षात आलं. इतकं साधं होतं. पाच आठवडे मी उपाशी होते आणि प्रोटीनला बोल लावत होते.

मग मसूर-हरभरे कोरडे मोजायला लागले. आता दुपारी ६० ग्रॅम कोरडे मसूर, १४-१५ ग्रॅम. रात्री कधी घट्ट टोफू, कधी ३० ग्रॅम सोया चंक्स, १५. दूध आणि थोडा चक्का मिळून १५-१६. ब्रेड-भाताचे १५. साठच्या आसपास जातंय. काटा पहिले दहा दिवस वापरला. आता मसुराची वाटी ठरलीय, तिच्यावर मार्करने रेघ मारलीय. रेघेपर्यंत भरायची, पुढे विचार नाही.

चंक्स पहिल्या दिवशी ओल्या बुचासारखे लागले. मिठाच्या गरम पाण्यात भिजवून, दोन्ही हातांनी कचकचून पिळून, मग कोरडेच परतले तर बरे होतात. न पिळता टाकले की मसाला आत शिरत नाही. हे कोणीच सांगितलं नव्हतं, लोखंडी!

जिने: दोन ठीक. तिसऱ्याला अजून धाप लागते, पण ती मांस खात होते तेव्हाही लागायची. फेरिटिन थोडं कमी निघालं, डॉक्टरांनी गोळी दिलीय. जेवणावरचा चहा सोडला, तो सगळ्यात जड गेला.

अंड्यांचं अजून ठरलं नाही. तिरपीओळ, कृपया नको.

लोखंडी | रविवार, सकाळी ११:४५

पिळायचं सांगितलं होतं की! 'भिजवा, पिळा, फोडणीला टाका.' वर जाऊन बघा.

कोरीपाटी | रविवार, सकाळी ११:५२

बघितलं. आहे खरं. 'कचकचून' नव्हतं.

पन्नाशीपार | रविवार, दुपारी १२:३०

चक्का रोज चालू आहे. नातवाने वाळूच्या दोन छोट्या पिशव्या शिवून दिल्यात, त्या सकाळी उचलते. झाकण अजून फडक्याशिवाय उघडत नाही. पण फडकं घेतलं की उघडतं, आधी तेही नव्हतं.

चक्क्याचं गाळून उरलेलं पाणी मी ओतून देत होते. त्यात काही असतं का?

तराजू | रविवार, दुपारी १:०५

थोडं प्रोटीन असतं, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही नाही. पण व्हे म्हणतात ते याच जातीतलं. लोखंडी ज्याचा डबा घेतात ते चीज करताना सुटणाऱ्या अशाच पाण्यातून काढतात. सूप करताना साध्या पाण्याऐवजी घाला, आंबटसर चव येते.

बोरूबहाद्दर | रविवार, दुपारी १:०९

म्हणजे लोखंडी इतकी वर्षं ताकाच्या भावंडाला डब्यात घालून पितायत तर!

सायसाखर | रविवार, दुपारी २:४०

राजमा काल रात्री भिजवलाय, पाणी फेकलं, आता खळखळ उकळतोय. वीस मिनिटं झाली. मधलीवाट, अर्धा तास म्हणजे उकळी फुटल्यापासून ना?

मधलीवाट | रविवार, दुपारी २:४४

हो, उकळी फुटल्यापासून. झाकण अर्धवट ठेवा, उतू जातो.